भिंतीवर न मावलेली नावं

कुलाबा कॉजवेची गर्दी संपते, ससून डॉकचा मासळीचा वास मागे पडतो आणि मग रस्ता एकदम शांत होतो. दोन्ही बाजूला मोठी झाडं, नेव्हीच्या भिंती, गेटवर उभे असलेले जवान, आणि मधेच डाव्या-उजव्या कुठल्यातरी वळणावर झाडांच्या वर एक दगडी सुळका दिसायला लागतो. हेच अफगाण चर्च. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवाला बघतच राहील. बेस्टच्या कंडक्टरपासून नेव्ही नगरमधल्या पोरांपर्यंत सगळ्यांसाठी ते अफगाण चर्चच. आणि अफगाण का, हे विचारलं तर बहुतेकांना एवढंच माहिती असतं की अफगाणिस्तानात कधीतरी लढाई झाली, त्यात इंग्रज मेले, त्यांच्यासाठी बांधलं.

माझंही बरीच वर्षं तेवढंच ज्ञान होतं. आम्ही मूळचे दापोलीकडचे, कॅम्प दापोली म्हणतात ना ती, आणि माझ्या कामाच्या निमित्ताने कुलाब्यात नेहमी जाणं व्हायचं, त्यामुळे चर्च बाहेरून पाहिलं होतं कितीतरी वेळा. आत गेले ते खूप नंतर, एका मैत्रिणीबरोबर, तिला तिथल्या लाद्या बघायच्या होत्या. तिने लाद्या बघितल्या आणि मी भिंतीवरचा मजकूर वाचत बसले. तेव्हापासून हे चर्च डोक्यातून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर आधी जागेबद्दल. आज कुलाबा म्हणजे मुंबईतल्या महागड्या कोपऱ्यांपैकी एक, पण दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते शहराबाहेरचं होतं. बेटच होतं वेगळं. भरतीच्या वेळी मधल्या खाडीतून जाताना माणसं बुडायची, होड्यांवर अवलंबून राहावं लागायचं. 1838 साली कॉजवे बांधून झाला आणि मग कुलाबा मुंबईला जोडलं गेलं. तिथे होतं काय तर लष्कराची छावणी, आजारी गोऱ्या सैनिकांसाठीचे बंगले, दीपगृह, वेधशाळा आणि कोळी. पुढे कापसाचा बाजार तिथे आला, 1874 साली घोड्यांची ट्राम कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत धावायला लागली, नंतर रेल्वेचं टर्मिनसही आलं. म्हणजे उपनगर जसं हळूहळू भरत जातं तसंच. आणि उपनगर भरायला लागलं की इंग्रजांच्या हिशोबात एक पॅरिश चर्च पाहिजेच, जिथे बाप्तिस्मा होईल, लग्नं लागतील, रविवारची उपासना होईल, आणि मेल्यावर नाव रजिस्टरमध्ये चढेल.

आधी तिथे एक चॅपेल होतं. आत्ताच्या चर्चच्या साधारण एक किलोमीटर दक्षिणेला, त्या आजारी लोकांच्या बंगल्यांच्या आवारात, म्हणजे आज जिथे नेव्हीचं अश्विनी हॉस्पिटल आहे तिथे. गोठ्यासारखी साधी इमारत आणि वर गवताने शाकारलेलं छप्पर. मुंबईचा पाऊस, समुद्राचा वारा आणि गवताचं छप्पर, जूनमध्ये तिथे प्रार्थना कशी चालत असेल ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा मोठं चर्च हवं ही मागणी होतीच. पण नुसत्या मागणीवर एवढं मोठं काम उभं राहिलं नसतं, त्याला कारण झालं ते युद्ध.

त्या युद्धाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. रशिया मध्य आशियातून हिंदुस्तानकडे सरकेल अशी इंग्रजांना भीती. काबूलच्या गादीवर दोस्त मोहम्मद होता, तो त्यांना भरवशाचा वाटेना, म्हणून त्याला काढून शाह शुजा नावाच्या जुन्या राजाला बसवायचं ठरलं. बंगालची फौज पंजाब टाळून सिंधमधून निघाली आणि मुंबईची फौज जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. 1838 चा नोव्हेंबर. म्हणजे ज्या वर्षी कुलाब्याला कॉजवे झाला त्याच वर्षी मुंबईहून ही माणसं निघाली. बोलन खिंडीतून कंदाहार, मग 23 जुलै 1839 ला गझनीचा किल्ला, मग ऑगस्टमध्ये काबूल. सुरुवातीला सगळं जिंकलं. मुंबईची फौज परत फिरली, वाटेत बलुचिस्तानातलं कलात शहर घेतलं. आणि मग 1841 च्या शेवटी काबूलमध्ये उठाव झाला, जानेवारी 1842 मध्ये इंग्रजांनी काबूल सोडलं, साधारण साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्याबरोबर बारा हजारांच्या आसपास नोकर, बायका, मुलं, सामान वाहणारे, स्वयंपाकी. बर्फातून. 13 जानेवारीला जलालाबादच्या किल्ल्यावर डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावरून पोचला, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, चित्रं आहेत तिची. नंतर काही शिपाई आणि नोकर इकडून तिकडून जीव वाचवून आले, काही गुलाम म्हणून विकले गेले, पण लक्षात राहिला तो ब्रायडनच.

काबूलहून निघालेली ती फौज मुख्यतः बंगालची होती, मुंबईची नव्हे, हे इथे सांगायला हवं. मुंबईच्या फौजेची माणसं मेली ती जास्त करून सिंधमध्ये, बलुचिस्तानात, खिंडींमध्ये, उन्हाने, तापाने, पटकीने. आणि नंतर 1843 मध्ये मियानी आणि हैदराबादच्या लढायांमध्ये, जेव्हा इंग्रजांनी सिंधच घेऊन टाकलं. म्हणून चर्चच्या स्मृतीत सिंध आणि अफगाणिस्तान दोन्ही आहेत, लोकांच्या तोंडी फक्त अफगाण राहिलं.

तर 1843 च्या सुमाराला कुलाब्यातल्या मंडळींनी ठरवलं की चर्च बांधायचंच आहे तर ते या मेलेल्या माणसांचं स्मारक म्हणून बांधू. वर्गणी सुरू झाली. सरकारने जमीन दिली पण एक अट घातली, आणि मला ही अट फार आवडते, की मनोरा उंच पाहिजे, इतका की बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून दिसला पाहिजे. म्हणजे देवाचं घर आणि खलाशांची खूण दोन्ही एकाच पैशात. ऑक्सफर्डच्या आर्किटेक्चरल सोसायटीकडून नकाशा मागवला, तिकडून डेरिक नावाच्या आर्किटेक्टचा नकाशा आला, सुंदर होता म्हणतात, पण खर्च आवाक्याबाहेरचा. त्यावेळी इंग्लंडमध्ये या विषयावर गंभीर चर्चा चालायची, की गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या पद्धतीचं चर्च उष्ण देशात कसं बांधायचं, भिंती जाड ठेवायच्या का, खिडक्या छोट्या करायच्या का, आतून गुहेसारखं थंड राहील असं काही करायचं का. ज्यांनी मुंबईचा मे महिना कधी पाहिला नव्हता असे लोक पत्रांमधून हे ठरवत होते, आणि तरी त्यांना मनापासून वाटत होतं की तिथे जाऊन बसणाऱ्या माणसाला नीट प्रार्थना करता यायला हवी. त्या कळकळीबद्दल मला आदर वाटतो.

शेवटी नकाशा घेतला तो मुंबईतल्याच एका इंजिनीअरचा, हेन्री कॉनीबेअर. हे नाव मुंबईकरांनी लक्षात ठेवायला पाहिजे असं माझं मत आहे. कारण याच माणसाने विहार तलावाची योजना आखली. 1850 च्या दशकात मुंबईत पाण्याचे हाल होते, 1854 मध्ये तर इतका दुष्काळ की बाहेरून पाणी आणायची वेळ आली. मग साष्टीतल्या डोंगरांमध्ये मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधून तिथून नळाने शहराला पाणी द्यायचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1860 मध्ये विहारचं पाणी मुंबईत आलं. आजही तो तलाव मुंबईला पाणी देतोय. एकाच माणसाच्या हातून शहराचा नळ आणि शहराचं पहिलं मोठं गॉथिक चर्च, आणि शहरात त्याच्या नावाचं काहीही कुणाच्या तोंडी नाही.

पहिलं मोठं गॉथिक म्हणते कारण त्याआधी मुंबईतली इंग्रजी चर्चेस वेगळ्या वळणाची होती, खांब, त्रिकोणी दर्शनी भाग वगैरे. युनिव्हर्सिटी, हायकोर्ट, व्हीटी, ज्या सगळ्या टोकदार कमानींच्या इमारतींमुळे आपण मुंबईला मुंबई म्हणून ओळखतो, त्या सगळ्या याच्या नंतरच्या. व्हीटीचं काम 1878 ला सुरू झालं, इथला पायाचा दगड बसला 4 डिसेंबर 1847 ला. तीस वर्षं आधी. म्हणजे फोर्टातल्या टोकदार कमानींच्या मुंबईची सुरुवात शोधायला गेलात तर फोर्टात नाही, शहराबाहेरच्या या छावणीत सापडते.

दगड आपलाच. कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर झाक असलेला, आणि कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडीचा दगड. घडवणारे पाथरवटही इथलेच असणार, कारण इंग्लंडहून पाथरवट आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. आतली सजावट मात्र विलायती. वेदीची मांडणी, वेदीमागचं काम, लोखंडी जाळी, फरशीच्या लाद्या या सगळ्यांचं डिझाइन विल्यम बटरफिल्डचं, म्हणजे त्या काळचा इंग्लंडमधला अगदी वरच्या फळीतला आर्किटेक्ट. आणि पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांची रंगीत काच न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातली. माझी मैत्रीण त्या लाद्यांवर गुडघे टेकून बसली होती, तेव्हा मीही वाकून बघितलं. विटकरी, फिकट पिवळा, काळा, असे रंग, चौकोनात तिरका चौकोन, त्यात परत त्रिकोण, आणि रंग वरून दिलेला नाही, वेगवेगळ्या रंगाची मातीच एकमेकीत बसवून भाजलेली आहे, त्यामुळे एवढ्या वर्षांच्या पावलांनी लादी झिजली तरी नक्षी जात नाही, झिजते तशी खालून तीच नक्षी वर येते. कडेच्या लाद्या अजून टोकदार आहेत आणि मधल्या वाटेवरच्या बोटाला गुळगुळीत लागतात. लग्नाच्या वऱ्हाडापासून शवपेटी उचलून नेणाऱ्यांपर्यंत सगळे त्या मधल्या वाटेने गेलेले.

बांधकाम रखडत रखडत चाललं. पैसे संपायचे, परत वर्गणी. शेवटी 7 जानेवारी 1858 ला बिशप हार्डिंग यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली. आता ही तारीख बघा. 1857 संपून आठवडाच झालेला. उत्तरेत अजून लढाई चालू. आणि मुंबईत, 15 ऑक्टोबर 1857 ला, आज आझाद मैदान आहे त्या बाजूला, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं, इंग्रजांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून. ते दोघंही मुंबईच्याच फौजेतले. तीन महिनेही झाले नव्हते त्याला. आणि त्याच फौजेच्या मेलेल्या माणसांच्या नावाने इथे प्रार्थना म्हटली गेली. त्या दिवशी बाकांवर बसलेल्या लोकांच्या मनात काय चाललं असेल याचा मी बराच विचार केलाय.

मनोरा तेव्हाही अपुराच होता. सुळका पूर्ण व्हायला 1865 उजाडलं, जून महिना. उंची 198 फूट. आणि तो पूर्ण करायला ज्यांनी हात दिला ते कोण, तर पारशी शेठ कावसजी जहांगीर रेडीमनी, त्यांनी साडेसात हजार रुपये दिले. अँग्लिकन चर्चच्या सुळक्याला अग्निपूजक माणसाचे पैसे. तेव्हाच्या मुंबईत कापसाच्या तेजीचा पैसा वाहत होता, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं म्हणून इथला कापूस सोन्याच्या भावाने जात होता, आणि जुलै 1865 मध्ये सगळं कोसळलं, बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. म्हणजे सुळका अगदी वेळेत झाला, महिनाभर उशीर झाला असता तर मनोरा अर्धवटच राहिला असता की काय कोण जाणे. एकूण खर्च पाच लाख पासष्ट हजार रुपये, त्या काळचे.

घंटा त्यानंतर बऱ्याच उशिरा आल्या, 1904 साली, लाफबरोच्या टेलर कंपनीत ओतलेल्या आठ घंटा. इंग्लंडमध्ये घंटा वाजवायची एक खास रीत आहे, प्रत्येक घंटा मोठ्या चाकावर बसवलेली, दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते, आणि आठ जण आठ दोर धरून ठरलेल्या क्रमाने वाजवतात, मग क्रम बदलत जातात. सूर धरून गाणं वाजवायचं नाही, क्रमच बदलत राहायचे. आठ घंटांचे एकूण 40,320 क्रम होतात. अशा घंटा भारतात अगदी मोजक्या ठिकाणी आहेत, आपल्या पुण्यात पंच हौदच्या पवित्र नाम देवालयातही आहेत, त्याही आठच. मला वाटतं महाराष्ट्रातल्या संगीतवाल्यांनी एकदा याकडे लक्ष द्यायला हरकत नाही, आपल्या मेरुखंडात, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत जायच्या पद्धतीत, तरी वेगळं काय करतो आपण.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

चर्चच्या आत स्मारकाचा मजकूर आहे. इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ साधारण असा, की ज्यांची नावं भिंतींवर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी जास्त की तशी नावं लिहिता येणार नाहीत त्या नॉन-कमिशन्ड ऑफिसरांच्या आणि साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं आहे, जे 1838 ते 1843 या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत कर्तव्याची जाण ठेवून आजाराने किंवा तलवारीने पडले. आजार आधी लिहिलाय, तलवार नंतर. ते प्रामाणिक आहे. आणि मग वेदीच्या बाजूच्या भिंतींवर नावं. कॅप्टन, लेफ्टनंट, एन्साइन. एन्साइन म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, सतरा-अठरा वर्षांची पोरं असायची ती, आईबापांनी जहाजात बसवून पाठवलेली. त्यांची नावं वाचताना मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, कारण कुणाचंही अठरा वर्षांचं पोर बोलन खिंडीत तापाने मरावं असं त्यात काहीच नाही.

पण मग ती ओळ. संख्या इतकी की लिहिता येणार नाहीत.

कोण होते हे? गोरे साधे सैनिक होतेच त्यात, त्यांचीही नावं नाहीत, हे विसरून चालणार नाही. आयर्लंडच्या, लँकशायरच्या गरिबाघरची पोरं. पण मुंबईच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा देशी शिपाई कितीतरी जास्त. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे देशी पायदळ. आणि तिच्यात कोण असायचं? मराठे, महार, कोकणातले मुसलमान, अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, आणि ज्यांना इकडे परदेशी म्हणत ते उत्तर हिंदुस्तानातले लोक. बंगालच्या फौजेत वरच्या जातींचा भरणा आणि जातीचे नियम कडक, मुंबईच्या फौजेत तसं नव्हतं, सगळे एकाच कंपनीत शेजारी शेजारी उभे. रत्नागिरी जिल्हा म्हणजे तर या फौजेची खाणच. आणि आमची दापोली! तिथे इंग्रजांनी म्हाताऱ्या, जखमी झालेल्या देशी शिपायांची व्हेटरन बटालियनच ठेवली होती. आमच्याकडे कॅम्प हा शब्द तिथूनच रुजला. पेन्शनर शिपायांच्या वस्त्या झाल्या, पुढे सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर मुलाबाळांना घेऊन काही काळ दापोलीतच राहिले होते, बाबासाहेब तेव्हा अगदी लहान. तिथेही एक इंग्रजी चर्च आहे, पडकं, छप्पर गेलेलं, लहानपणी आम्ही त्याच्या आवारात खेळलोय.

आता कहानचं उदाहरण सांगते. बलुचिस्तानात मर्री टोळ्यांच्या मुलखात कहान नावाचा एक मातीचा किल्ला. 1840 च्या मे महिन्यात कॅप्टन लुइस ब्राउन पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे दीडशेच्या आतबाहेर शिपाई घेऊन तिथे गेला आणि अडकला. चहूबाजूंनी वेढा. पुढचे महिने, ऐन उन्हाळा, अन्न संपत चाललेलं, ताप. त्यांना सोडवायला ऑगस्टमध्ये मेजर क्लिबर्नची तुकडी निघाली, त्यात बॉम्बे ग्रेनेडिअर्स होते, आणि 31 ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत त्यांच्यावर हल्ला झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, लढाईत आणि पाण्यावाचूनही. त्या उन्हात पाणी आणायला पाठवलेली माणसं परत आली नाहीत. तुकडी मागे फिरली. कहानमधले शिपाई हे वरून बघत होते म्हणतात, आपल्याला सोडवायला आलेले लोक मागे जाताना. तरीही त्यांनी किल्ला सोडला नाही. सप्टेंबरअखेर मर्री सरदाराशी बोलणी करून, हत्यारांसकट, ब्राउन आपली माणसं घेऊन बाहेर पडला. या पलटणीला पुढच्याच वर्षी लाइट इन्फन्ट्री हा मानाचा किताब मिळाला, आणि तीच पलटण आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची काली पाँचवी म्हणून ओळखली जाते.

म्हणजे चर्चच्या भिंतीवर जी माणसं मावली नाहीत त्यांचे वारस बेळगावला आजही परेड करतायत.

आणि म्हणू नका की त्या काळी शिपायांची नावं लिहायची पद्धतच नव्हती. होती. याच मुंबईच्या फौजेसाठी, चर्चच्या पंचवीसेक वर्षं आधी, भीमा कोरेगावचा विजयस्तंभ उभारला गेला. 1 जानेवारी 1818 ची लढाई, स्तंभाचं काम सुरू झालं 1821 मध्ये. त्याच्यावर पडलेल्या देशी शिपायांची नावं आहेत. शेवटी नाक असलेली, म्हणजे महार शिपायांची, बावीस नावं. मराठीतही मजकूर आहे. त्या नावांमुळे काय झालं ते आपण सगळे बघतोच, दर एक जानेवारीला लाखो माणसं तिथे येतात, कारण दगडावर आपल्या माणसाचं नाव आहे. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले ते याच नावांसाठी. त्याच्याही आधी, 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी, ते स्वतः निवृत्त शिपाई, रायगडमधल्या रावढळचे, सरकारला अर्ज केला की आम्ही तुमच्यासाठी लढलोय. अशा अर्जाला आधार काय लागतो? कुठेतरी लिहिलेलं लागतं.

एका ठिकाणी लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी लिहिलं नाही. दोन्ही दगड एकाच राजवटीतले, माणसंही त्याच गावांमधली. कोरेगावला मेले ते थोडे होते म्हणून मावले आणि सिंध-अफगाणात मेले ते फार होते म्हणून नाही, असं चर्चचा मजकूर सांगतो. मला ते कारण खोटं वाटत नाही, खरोखरच हजारो होते. पण तेवढंच कारण होतं असंही वाटत नाही. स्तंभ उभा होता रस्त्याकाठी, मोकळ्यावर, सगळ्यांसाठी. चर्च हे पॅरिशचं घर, तिथे बसणाऱ्यांना आपल्या ओळखीची नावं भिंतीवर हवी होती, शेजारच्या बंगल्यात राहणारा लेफ्टनंट, बहिणीचा नवरा. ज्यांना प्रार्थनेसाठी आत यायचंच नव्हतं त्यांच्या घरच्यांनी ती नावं वाचायला कधी यावं अशी अपेक्षाच नव्हती. दापोलीहून, महाडहून कोण येणार होतं कुलाब्याच्या चर्चमध्ये आपल्या बापाचं नाव शोधायला.

पण नंतर आले ना लोक. हेच मला महत्त्वाचं वाटतं. 1930 पासून हिंदुस्तानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून कायद्याने वेगळं झालं, मग स्वातंत्र्य आलं, गोरे लोक परत गेले, छावणीची नेव्ही नगर झाली. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला अँग्लिकन आणि इतर पाच-सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आपल्या नागपूरला, हेही फारसं कुणाला माहीत नसतं. तेव्हापासून हे चर्च त्या संस्थेच्या मुंबई धर्मप्रांतातलं. आज तिथे येणारी मंडळी भारतीय. मोठ्या इमारतीच्या मानाने थोडी, आणि त्यांच्या अंगावर ही एवढी मोठी इमारत. खारा वारा दगड खातो, पावसाळ्यात गळतं, लोखंड गंजतं, काचेच्या शिशाच्या पट्ट्या सैल होतात. छावणीच्या वर्गणीवर उभं राहिलेलं काम आज मोजक्या कुटुंबांनी सांभाळायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी गावचं जुनं देऊळ सांभाळलंय त्यांना कळेल. माझ्या मते हा खर्च नुसता मंडळीच्या गळ्यात टाकणं बरोबर नाही. नेव्ही, महापालिका, राज्य सरकार, सगळ्यांचा वाटा त्यात असायला हवा, कारण ज्यांचं ते स्मारक आहे ते सगळे ख्रिस्ती नव्हतेच.

आणि माझं एक मागणं आहे, जे मी मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंना बोलूनही दाखवलं, त्या हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या की लिहून द्या. आत कुठेतरी एक दगड मराठीत असावा. जुन्या भिंतीला हात लावायची गरज नाही, ती जशी आहे तशीच राहू दे, बाजूला एक साधी पाटी. नावं मिळाली तर नावं, नाहीतर निदान पलटणी. पाचवी, एकोणिसावी, ग्रेनेडिअर्स, सॅपर्स, पूना हॉर्स, आणि कहान, नफुस्क, गझनी, मियानी. एवढं तरी.

नावं कुठून मिळणार हा खरा प्रश्न. गझनी जिंकल्यावर तिथे असलेल्या सगळ्यांना, गोऱ्या-देशी सगळ्यांना, चांदीचं पदक मिळालं होतं. एका बाजूला किल्ल्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला 23 जुलै 1839 ही तारीख, फीत अर्धी किरमिजी आणि अर्धी हिरवी. ते देताना त्याच्यावर कुणाचंही नाव कोरलेलं नव्हतं, ज्याला मिळालं त्याने हवं तर स्वतः कोरून घ्यायचं. काही अधिकाऱ्यांनी घेतलं कोरून. शिपायांनी काय केलं असेल, बहुतेकांनी घरी नेलं, नडीला मोडलं, किंवा देव्हाऱ्यात ठेवलं.

तेव्हा मंडणगड, दापोली, खेड, महाड, पोलादपूर, इकडे साताऱ्याकडे, तिकडे अलिबागला, तुमच्या घरात जुनी पेटी असेल, पेन्शनचा कागद, सनद, एखादं काळं पडलेलं पदक, घरात कुणी म्हणत असेल की आमचा खापरपणजा काबूलच्या बाजूला गेला होता, तर ते भंगारात किंवा सोनाराकडे द्यायच्या आधी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि गावचं नाव, घराण्याचं नाव, जे ऐकलं असेल ते सगळं लिहून ठेवा. मला पाठवलंत तर मी जमवतेय. आत्तापर्यंत आलेल्यात दोन कागद पेन्शनचे आहेत, एक मोडी आहे, ते वाचून घ्यायचं काम चालू आहे.